पूर्ण भाग जातो का हे कसं तपासायचं, कसोट्यांची यादी पाठ न करता

एका संख्येने दुसरीला पूर्ण भाग जातो का एवढाच प्रश्न असेल तर भागाकार किती आला याच्याशी आपल्याला काही घेणंदेणं नसतं, बाकी शून्य उरते का तेवढं बघायचं असतं. शाळेत आपण २ ची कसोटी, ३ ची कसोटी, ११ ची कसोटी अशी यादी पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो, कारण या सगळ्या कसोट्या म्हणजे एकच युक्ती आहे हे फारसं कोणी सांगत नाही. ती युक्ती कळली की विसरलेली कसोटी जागेवर बसल्या बसल्या परत तयार करता येते, आणि १७ किंवा ३७ सारख्या आकड्यांची, जी पुस्तकात सहसा नसतेच, तीही करता येते. म्हणून इथे यादी देत बसत नाही, एकेक पायरी कशी आणि का चालते ते सांगतो. कागद पेन घेऊन वाचलंत तर जास्त फायदा होईल.

आधी मूळ युक्ती

ज्या आकड्याला भाग जातो हे आधीच माहीत आहे तो वजा करून टाका आणि उरलेल्याकडे बघा. बस, एवढंच. उरलेल्याला भाग जात असेल तर अख्ख्या संख्येला जातो, उरलेल्याला जात नसेल तर अख्ख्या संख्येलाही जात नाही.

समजा ५,८३८ ला १४ ने भाग जातो का बघायचंय. १४ गुणिले ४०० म्हणजे ५,६००, ते काढून टाका, राहिले २३८. आता १४ चा १० पट १४० काढा, ९८ राहिले, आणि ९८ म्हणजे १४ साते, म्हणजे भाग जातो. दुसरं उदाहरण ९,२११ आणि २३. यात ९,२०० म्हणजे २३ गुणिले ४०० हे लगेच दिसतं, ते गेले की ११ उरतात, आणि ११ तर २३ पेक्षा लहानच आहेत, म्हणजे भाग जात नाही आणि बाकी ११. दोन ओळीत काम झालं, लांबलचक भागाकार मांडायची गरजच पडली नाही.

वजाच करायला पाहिजे असंही नाही, कधीकधी थोडं पुढे जाऊन मागे यायला सोपं पडतं. ६,७८३ ला १७ ने भाग जातो का? ६,८०० ला तर जातोच (१७ गुणिले ४००), आणि ६,७८३ हे ६,८०० पेक्षा बरोबर १७ ने कमी आहेत, म्हणजे जातो. असे जवळचे गोल आकडे शोधायची सवय लावून घ्या, बाकी सगळ्यापेक्षा हीच सवय जास्त कामाला येते असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटचे अंक बघायच्या कसोट्या

आता हीच युक्ती वापरून २, ५, १० बघू. १० ला २ नेही भाग जातो आणि ५ नेही, मग दशक, शतक, हजार हे सगळे १० च्या पटीतच असल्यामुळे ते सगळे उचलून बाजूला टाकले तरी चालतं, उरतो फक्त एकक स्थानचा अंक. म्हणून २ आणि ५ साठी शेवटचा एकच अंक बघायचा.

४ साठी एक अंक पुरत नाही कारण १० ला ४ ने भाग जात नाही, पण १०० ला जातो, म्हणून शेवटचे दोन अंक. २५ चंही तसंच. ८ आणि १२५ साठी १,००० पर्यंत जावं लागतं म्हणून शेवटचे तीन अंक, आणि १६ साठी चार. कोणासाठी किती अंक बघायचे हे पाठ करायलाच नको, १०, १००, १,००० यातल्या कोणाला पहिल्यांदा भाग जातो ते बघायचं आणि तेवढी शून्यं मोजायची.

८ ला तीन अंक घेतल्यावर पुढे भाग कसा द्यायचा यावर बरेच जण अडतात, त्यांच्यासाठी एक सोय आहे. १०० ला ८ ने भागलं की बाकी ४ उरते आणि १० ची बाकी २ असते, म्हणून शतकाचा अंक गुणिले ४, अधिक दशकाचा अंक गुणिले २, अधिक एकक. ७३,५१६ घ्या, शेवटचे तीन अंक ५१६, म्हणजे २० अधिक २ अधिक ६ म्हणजे २८. २८ ला ८ ने भाग जात नाही, म्हणून ७३,५१६ ला पण नाही. ४ ने मात्र जातो, कारण शेवटी १६ आहे.

अंकांची बेरीज, आणि ती का चालते

३ आणि ९ साठी सगळ्या अंकांची बेरीज करायची हे बहुतेकांना आठवतं. पण अंकांची बेरीज आणि भाग जाणं यांचा संबंध काय? १० म्हणजे ९ अधिक १, १०० म्हणजे ९९ अधिक १, १,००० म्हणजे ९९९ अधिक १. आता ७,४५२ मधले ७ हजार उघडून बघा, ते म्हणजे ७ वेळा ९९९ आणि वर ७ सुटे. त्यातले ९९९ वाले सगळे ९ च्या पटीत आहेत, ते टाकून द्या, ७ राहिले. तसंच ४ शतकांतून ४ राहिले, ५ दशकांतून ५, आणि एकक २. एकूण १८. म्हणजे अंकांची बेरीज ही जादू वगैरे नाही, ९ ने भाग जाणारं सगळं काढून टाकल्यावर जे हातात उरतं तेच ते. १८ ला ९ ने भाग जातो म्हणून ७,४५२ ला जातो, आणि ९ ने जातो म्हणून ३ ने पण जातोच.

ही कसोटी फक्त हो की नाही सांगून थांबत नाही, खरी बाकी पण देते. ५,६१७ ची बेरीज १९, परत बेरीज १०, परत १, म्हणजे ९ ने भागल्यावर बाकी १. याचा उपयोग मोठे गुणाकार पडताळायला होतो, दोन्ही संख्यांच्या ९ च्या बाक्या गुणून उत्तराच्या बाकीशी जुळतात का बघायचं. जुळल्या नाहीत तर उत्तर नक्की चुकलंय. जुळल्या तरी शंभर टक्के बरोबर आहेच असं नाही, कारण दोन अंकांची अदलाबदल झाली असेल तर बेरीज तीच राहते आणि चूक पकडली जात नाही, एवढं लक्षात ठेवा.

११ चं लॉजिक पण असंच. १० हे ११ पेक्षा १ ने कमी, १०० हे ९९ पेक्षा १ ने जास्त, १,००० हे १,००१ पेक्षा १ ने कमी, आणि ११, ९९, १,००१ या तिन्हींना ११ ने भाग जातो. एकदा जास्त, एकदा कमी असं चालू राहतं म्हणून उजवीकडून एकाआड एक अधिक आणि वजा करायचं. ९,२७,५८६ घ्या. उजवीकडून ६ वजा ८ अधिक ५ वजा ७ अधिक २ वजा ९, उत्तर आलं उणे ११. उणे आलं म्हणून घाबरायचं काही कारण नाही, उणे ११ ला पण ११ ने पूर्ण भाग जातो, म्हणजे संख्येलाही जातो. उत्तर शून्य आलं तरी तेच. सुरुवात उजवीकडूनच करा, डावीकडून केली तर हो-नाही बरोबर येतं पण बाकी काढायला गेलात की अंकांची संख्या सम असताना चिन्ह उलटं पडतं.

७, १३, १७, १९ : कसोटी स्वतः बनवायची

७ ची कसोटी अशी सांगतात की शेवटचा अंक कापा, त्याची दुप्पट उरलेल्यातून वजा करा आणि असंच करत राहा. २५,८८६ घेऊ. ६ कापला, दुप्पट १२, २,५८८ मधून गेले, राहिले २,५७६. परत ६ कापला, २५७ वजा १२, २४५. परत ५ कापला, २४ वजा १०, १४. चौदाला ७ ने भाग जातो, म्हणजे २५,८८६ ला जातो.

पण ही दुप्पट आली कुठून? २१ मधून. २१ ला ७ ने भाग जातो आणि त्याच्या शेवटी १ आहे, हे दोन गुण एकत्र मिळाले की काम होतं. २५,८८६ च्या शेवटी ६ आहे, तर ६ वेळा २१ म्हणजे १२६ वजा करा, मिळाले २५,७६०. शेवटी शून्य आलं! आणि १० मध्ये ७ चा काही संबंध नसल्यामुळे ते शून्य पुसून टाकलं तरी ७ ने भाग जाण्या-न जाण्यात काही फरक पडत नाही, राहिले २,५७६. म्हणजे दुप्पट वजा करणं हे खरं तर २१ च्या पटी वजा करणंच आहे, फक्त लिहायला सुटसुटीत केलंय.

आता हाच साचा २ किंवा ५ ने भाग न जाणाऱ्या कुठल्याही संख्येसाठी वापरा. ज्या संख्येची कसोटी हवी तिची अशी पट शोधा जिच्या शेवटी १ किंवा ९ येतं. १ आला तर त्याच्या डावीकडचा आकडा घेऊन वजाबाकी, ९ आला तर डावीकडचा आकडा एकाने वाढवून बेरीज. १७ ची पट ५१, म्हणून शेवटच्या अंकाची ५ पट वजा. १३ ची पट ३९, म्हणून ४ पट मिळवा. १९ स्वतःच ९ वर संपतो, म्हणून दुप्पट मिळवा. २३ ची पट ६९, ७ पट मिळवा. ३१ साठी ३ पट वजा. करून बघा, ४,२३७ ला १९ ने भाग जातो का? ४२३ अधिक १४ म्हणजे ४३७, मग ४३ अधिक १४ म्हणजे ५७, आणि १९ त्रिक ५७. जातो.

एक सावधगिरी मात्र हवी. या कापाकापीच्या पद्धतीत फक्त हो किंवा नाही मिळतं, बाकी मिळत नाही. १५ ला ७ ने भागलं तर बाकी १ आहे, पण कसोटी लावली तर १ वजा १० म्हणजे उणे ९ येतं, ज्याची ७ ने बाकी ५ निघते. कारण मधे आपण शून्य पुसलंय. बाकी हवी असेल तर पहिलीच वजा करायची युक्ती वापरा, किंवा पुढे एकेक अंक घेऊन चालायची पद्धत देतोय ती.

संख्या खूप लांब असेल तर ७, ११ आणि १३ एका झटक्यात तपासता येतात, कारण ७ गुणिले ११ गुणिले १३ म्हणजे १,००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि एकाआड एक अधिक-वजा करायचे. आपल्या लिहिण्यात हजारानंतर स्वल्पविराम दोन-दोन अंकांवर येतो म्हणून इथे हमखास गडबड होते, तेव्हा आधी सगळे स्वल्पविराम काढा आणि मग तीनचे गट पाडा. ४,५२,१८,५५० म्हणजे ४५ | २१८ | ५५०. आता ५५० वजा २१८ अधिक ४५ म्हणजे ३७७. ३७७ म्हणजे १३ गुणिले २९, म्हणजे १३ ने भाग जातो. ७ ने ३७७ ची बाकी ६, ११ ने ३, म्हणजे त्या दोघांनी नाही. आणि इथे शून्य कुठेही पुसलेलं नाही त्यामुळे या बाक्या मूळ संख्येच्याही बाक्या आहेत. ९९९ म्हणजे २७ गुणिले ३७, त्यामुळे २७ आणि ३७ साठी तेच गट नुसते बेरीज करायचे.

संयुक्त भाजक असेल तर

६ साठी २ आणि ३ दोन्ही तपासा हे सगळ्यांना येतं, आणि मग त्याच जोरावर १२ साठी २ आणि ६ तपासतात, तिथे गाडी घसरते. १८ ला २ नेही भाग जातो आणि ६ नेही, पण १२ ने जात नाही. कारण ६ मध्ये तोच २ परत आलाय, एकच २ दोनदा मोजला गेला. भाजकाचे तुकडे असे करायचे की तुकड्यांमध्ये १ सोडून काहीच सामाईक नको. सोपा मार्ग म्हणजे मूळ अवयव पाडा आणि एकाच मूळ संख्येचे सगळे तुकडे एकत्र ठेवा. १२ म्हणजे ४ आणि ३. ७२ म्हणजे ८ आणि ९. ३६० म्हणजे ८, ९, ५. ८४ म्हणजे ४, ३, ७.

५१,३२४ ला ८४ ने? शेवटी २४ आहे, ४ ने जातो. बेरीज १५, ३ ने जातो. ७ साठी ५,१३२ वजा ८ म्हणजे ५,१२४, मग ५१२ वजा ८ म्हणजे ५०४, आणि ते ७ गुणिले ७२. तिन्ही झाले, भाग जातो. नेहमी सगळ्यात सोपा तुकडा आधी घ्या, तिथेच नाही आलं तर पुढची मेहनत वाचते.

दोन्हीकडे शून्यं असतील तर सारखी शून्यं उडवा, ४,६२० आणि ३३० ऐवजी ४६२ आणि ३३ बघा, १४ पट, जातो. फक्त बाकी काढताना उडवलेली शून्यं परत लावा. ४७ ला ३ ने भागल्यावर बाकी २, पण ४७० ला ३० ने भागल्यावर बाकी २०.

कुठल्याही भाजकासाठी चालणारी पद्धत

कसोटी आठवत नाही, बनवायचा कंटाळा आलाय, किंवा संख्या चाळीस अंकी आहे, तर ही एकच पद्धत पुरे. डावीकडून एकेक अंक घ्यायचा. हातातल्या बाकीला १० ने गुणायचं, पुढचा अंक मिळवायचा, भाजकाच्या पटी काढून टाकायच्या, उरलेली बाकी घेऊन पुढे.

६,०५,१९४ आणि ३७ घेऊ. पहिला ६. मग ६०, त्यातून ३७ गेले, २३. मग २३५, त्यातून २२२ गेले, १३. मग १३१, १११ गेले, २०. मग २०९, १८५ गेले, २४. शेवटी २४४, २२२ गेले, २२. बाकी २२, भाग जात नाही. गटांच्या पद्धतीने पडताळा, ६०५ अधिक १९४ म्हणजे ७९९, त्यातून ७७७ गेले की २२. जुळलं. आणि बाकी हातात असल्यामुळे पुढचं पण कळतं, २२ कमी केले किंवा १५ मिळवले तर ३७ ने पूर्ण भाग जाईल.

यात कुठल्याच वेळी भाजकाच्या १० पटीपेक्षा मोठा आकडा हातात येत नाही, म्हणून संख्या कितीही लांब असली तरी फरक पडत नाही.

कॅल्क्युलेटर आणि कॉम्प्युटरवर

कॅल्क्युलेटरवर भागून दशांश चिन्हापुढे काही आलं का बघतात, ते ठीक आहे पण स्क्रीन छोटी असेल तर फसगत होते. आठ अंकी स्क्रीनवर ८,६४,२०,९७५ ला ३ ने भागलं तर २८८०६९९१ एवढंच दिसेल, पुढचा दशांश भाग दाखवायला जागाच नाही. त्यामुळे आलेलं उत्तर परत ३ ने गुणा, ८,६४,२०,९७३ येतात, दोन कमी पडले, म्हणजे बाकी २. हा उलटा गुणाकार कायम करा.

प्रोग्रॅममध्ये बहुतेक भाषांत % हे चिन्ह बाकी देतं आणि ती शून्याशी समान आहे का बघायचं, एक्सेलमध्ये त्यासाठी मॉड नावाचं फंक्शन आहे. पण काही जागा नीट बघायला हव्यात. पहिली म्हणजे भाजक शून्य असू शकतो का, कारण शून्याने भागता येत नाही आणि बऱ्याच भाषांत प्रोग्रॅम तिथेच एरर देऊन थांबतो, म्हणून ते आधीच तपासा. उलट शून्याला मात्र शून्य सोडून कशानेही पूर्ण भाग जातो, तो निकाल बरोबरच आहे.

दुसरी जागा ऋण संख्या. उणे ७ ची ३ ने बाकी सी, जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये उणे १ येते, पायथॉनमध्ये २ येते. भाग जातो का तपासताना शून्याशीच तुलना केली तर अडचण नाही, पण विषम संख्या ओळखायला बाकी १ आहे का असं लिहिलं तर पहिल्या तीन भाषांत ऋण विषम संख्या निसटतात. शून्य नाही असं तपासा, सगळीकडे चालतं.

तिसरी जागा दशांश अपूर्णांक. ०.३ ला ०.१ ने तीन वेळा पूर्ण भाग जातो हे आपल्याला माहीत आहे, पण मशीन हे आकडे दोनच्या पायात, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून साठवतं आणि तिथे ०.१ नेमका बसत नाही, त्यामुळे बाकी शून्य न येता ०.१ च्या अगदी जवळचं काहीतरी येतं. आधी दोन्ही १० ने किंवा १०० ने गुणून पूर्णांक करून घ्या आणि मगच बाकी काढा.

आणि खूप लांब संख्या. एक्सेल १५ अंकांपर्यंतच नेमकं साठवतं, त्यापुढचे अंक शून्य करून टाकतं, म्हणजे १६ अंकी विषम संख्या टाईप केली तरी तिथे ती १० ने भाग जाणारी होऊन बसते! अशी संख्या मजकूर म्हणून ठेवा आणि वरची एकेक अंकाची पद्धत लावा, कुठल्याही भाषेत चार-पाच ओळींचं लूप होतं.

दोन-तीन अटी एकत्र येतात तेव्हा त्यांचा क्रम पण महत्त्वाचा असतो, लीप वर्ष हे त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. १५८२ मध्ये आलेल्या ग्रेगोरियन कॅलेंडरचा नियम असा की ४ ने भाग गेला तर लीप, पण १०० ने गेला तर नाही, पण ४०० ने गेला तर परत लीप. कोडमध्ये हे उलटं लिहिलेलं सोपं पडतं, आधी ४०० तपासा, मग १००, मग ४, आणि पहिल्या होकाराला थांबा. २००० ला ४०० ने भाग जातो, लीप. १९०० ला ४०० ने नाही, १०० ने जातो, लीप नाही. २१०० पण नाही. एक्सेल मात्र १९०० ला लीप वर्ष धरतं आणि २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख मुकाट स्वीकारतं, लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅममधल्या फाईलींशी जुळावं म्हणून ते मुद्दाम तसंच ठेवलेलं आहे. त्यामुळे तुमचं लीप वर्षाचं सूत्र तपासताना १९०० साठी एक्सेलच्या तारखेवर भिस्त ठेवू नका, १९०० ला ४०० ने भागून बाकी ३०० येते ते बघा आणि त्यावरून ठरवा.